मिठाची पिवळी ज्योत

वसई सोडून आम्ही उमरखेडला विज्ञान शिकवावयास गेलो, तेव्हा अणूविषयीची आमची समजूत अगदी पक्की होती. मध्ये अणुकेंद्र, भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन. जणू सूर्यमालेचीच धाकटी आवृत्ती. फळ्यावर वर्तुळे काढली की धडा संपे. एके दिवशी मागच्या बाकावरील मुलीने विचारले, “सर, फिरून फिरून त्याची शक्ती संपत नाही का? तो आत पडत कसा नाही?” तास संपल्याचे निमित्त करून आम्ही सुटलो.

त्या रात्री वीज गेली होती. स्टोव्हवरचे वरण उतू गेले आणि निळी ज्योत एकाएकी पिवळीधमक झाली. असे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो; त्या रात्री मात्र पाहतच राहिलो. वरणात मीठ, मिठात सोडियम. त्याच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन: पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८ आणि बाहेर एकटा १. ज्योतीत हा एकटा ऊर्जेच्या वरच्या पायरीवर चढतो व लगेच उतरतो. उतरताना त्या दोन पायऱ्यांमधील फरकाएवढीच ऊर्जा प्रकाशरूपाने देऊन टाकतो. तो प्रकाश सुमारे ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे पिवळा.

मुलीची शंका साधी नव्हती. रदरफर्ड यांनी १९११ साली अणुकेंद्राची कल्पना मांडली, तेव्हा शास्त्रज्ञांपुढे हेच कोडे उभे राहिले. जुन्या नियमांनुसार फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावीत क्षणार्धात केंद्रात कोसळावयास हवा. मग स्टोव्हही उरला नसता आणि आम्हीही. १९१३ मध्ये बोर यांनी सांगितले की, इलेक्ट्रॉनला ठरावीक पायऱ्यांवरच राहता येते. सर्वांत खालच्या पायरीखाली पायरीच नाही. १९२६ साली श्रोडिंगर यांचे समीकरण आले आणि वर्तुळेही गेली. इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच आता सांगता येते. चित्र काढायचेच तर ढगाचे काढावे.

प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या निराळ्या, म्हणून प्रकाशाच्या रेषाही निराळ्या. रोममधील येशूसंघीय धर्मगुरू अँजेलो सेकी यांनी अशाच रेषांवरून ताऱ्यांचे वर्ग पाडले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात पटवर्धनांच्या जमखंडीत जॉन हर्शेल, तर गुंटूरला जान्सेन सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या रेषा पाहत होते. त्याच वर्षी कळले की, सूर्यप्रकाशातील एक पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसतच नाही. किंचित सरकलेली आहे. ती हेलियमची होती. पृथ्वीवर तो वायू हाती लागावयास १८९५ साल उजाडले.

दुसऱ्या दिवशी स्पिरिटचा दिवा आणि तारेच्या टोकाला ओले मीठ घेऊन आम्ही वर्गात गेलो. आदल्या दिवशीची वर्तुळे खरी नव्हती, हे सर्वांसमक्ष सांगितले. सांगताना घसा कोरडा पडला होता. त्या मुलीने तार ज्योतीत पुन्हा पुन्हा धरून पाहिली, मग विचारले, “परीक्षेत मात्र वर्तुळेच काढायची ना, सर?”

आम्ही मान डोलावली. दुसरे काय करणार?