गाडीचा मूळ रंग

फिनिक्सच्या उन्हात लाल गाडी आधी निस्तेज होते, मग गुलाबी होते आणि शेवटी तिच्यावर पांढरट भुकटी धरते. मी विकत घेतलेल्या माझ्दा मियाताच्या अंगावर या तिन्ही अवस्था एकदमच होत्या. दारांचा खालचा भाग अजून लाल, वरचा गुलाबी आणि बॉनेट-डिकी पांढुरकी. गाडी १९९१ची. आधीच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या घराला गॅरेज नव्हतं, त्यामुळे गाडी बारा महिने उघड्यावर असायची. इंजिन मात्र त्यांनी जिवापाड जपलं होतं.

ज्याने ज्याने गाडी बघितली त्याने एकच सल्ला दिला: नवीन रंग मारून घे. गाड्या रंगवणाऱ्या एका दुकानदाराने तर बॉनेटवर बोट ओढलं, बोटाला आलेली भुकटी दाखवली आणि हा रंग संपला म्हणून सांगितलं. मला ते पटलं नाही. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी सांगलीला मामांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात काढल्या आहेत. वरचा थर मेला म्हणजे खालचाही मेला असं नसतं, हे तिथे डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

आणि ही गाडी साधी नव्हती. ब्रिटिशांच्या छोट्या, उघड्या टपाच्या दोन आसनी गाड्या एकेक करून बंद पडत गेल्या. त्यांतल्याच एमजीबीचं उत्पादन १९८०मध्ये थांबलं. तशी हलकी गाडी पुन्हा बनवा, असं बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझ्दाच्या केनिची यामामोतो यांना १९७९मध्येच सुचवलं होतं. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात मियाता लोकांसमोर आली. इंजिन फक्त १.६ लिटरचं, ताकद ११६ अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. वजन वाचवायला बॉनेटसुद्धा अॅल्युमिनियमचं. हिरोशिमाच्या कारखान्यात गाडीला जो लाल रंग मारला, तोच अजून तिच्या अंगावर होता. तो खरवडून टाकून वर आजचा रंग मारला तर गाडी चकाकेल, पण मूळ रंगाची गाडी पुन्हा कधीच होणार नाही. सुटे भाग मिळतात, शिवणकाम नव्याने करता येतं. कारखान्यातला रंग मात्र एकदाच मिळतो.

घासायला हात लावण्याआधी मामांना व्हिडिओ कॉल केला. फिनिक्सला संध्याकाळ, सांगलीत सकाळ.

"आधी कापडाला रंग लागतोय का बघ," मामा म्हणाले.

"लागतोय मामा. लालभडक."

"मग वर क्लिअर मारलेलं नाही. पोरी, तू जे काय घासशील तो रंगच जाणार. सावकाश घे."

"तुमच्याकडे यायच्या त्या फियाटींचं असंच व्हायचं ना?"

"असंच. पण आम्ही कंपाऊंड लावून दणादण घासायचो. दोन-चार वेळा घासलं की कडांना प्रायमर दिसायचा, मग पुन्हा रंगवायची. तुला रंगवायची नाही म्हणतेस ना? मग आमच्यासारखं करू नको."

मामांनी एका प्रश्नात गाडीचं निदान केलं होतं. आजच्या गाड्यांना खाली रंग आणि त्यावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो. ऊन, धूळ, ओरखडे आधी त्या थराला सोसावे लागतात आणि पॉलिश करताना झिजतो तोही तोच. माझ्या मियाताचा लाल मात्र एकथरी. त्यात रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन एकत्रच असतं. अतिनील किरणांनी वरचं रेझिन तुटतं, रंगद्रव्य मोकळं होतं आणि बोटाला भुकटी लागते. खालचा थर शाबूत असतो, पण तो किती उरलाय हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

म्हणून जाडी मोजायचा मीटर आणला. स्वस्तातले मीटर चुंबकावर चालतात; ते लोखंडी पत्र्यावर आकडा दाखवतात, अॅल्युमिनियमवर गप्प बसतात. मियाताच्या बॉनेटसाठी दोन्ही धातूंवर चालणारा मीटर लागतो, आणि बंपर प्लॅस्टिकचे असल्याने तिथे तोही उपयोगाचा नाही. दारांवर ११० मायक्रॉनच्या आसपास आकडे आले, बॉनेटवर ८५ ते ९०. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरतात. म्हणजे पत्रा आणि अॅरिझोनाचं ऊन यांच्यामध्ये, प्रायमर धरून, केसाहून जरा जास्त जाडीचा थर होता. डाव्या मागच्या मडगार्डवर आकडा थेट २६०च्या वर गेला. तिथे कापडालाही रंग लागेना. कधीतरी तिथे ठोकर बसली असणार, आणि दुरुस्तीत वर क्लिअर कोट मारलेला होता. म्हणजे एकाच गाडीवर दोन प्रकारचे रंग, आणि दोघांची वागणूक वेगळी.

शेजारी एक निवृत्त पेंटर राहतात. त्यांची हयात बॉडी शॉपमध्ये गेली. त्यांचा एकच नियम: सर्वांत सौम्य वस्तूने सुरुवात करायची, आणि ती पुरली नाही तरच पुढची उचलायची. मी तो तंतोतंत पाळला.

पहिली धुलाई दोन बादल्यांनी केली. एकीत शाम्पू, दुसरीत धुवायचा हातमोजा खळबळायला साधं पाणी. मग रंगात रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारं रसायन फवारलं. ब्रेकमधून उडालेले हे कण त्याने जांभळे होऊन ओघळतात, आणि वास असा की गॅरेजचं दार उघडं ठेवावंच लागतं. त्यानंतर क्ले बार. ही चिकट माती भरपूर ओल्या पृष्ठभागावर अलगद फिरवली की हाताला लागणारी खरखर निघून जाते. या तयारीला पॉलिशपेक्षा जास्त वेळ लागतो आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात. राहिलेला एक खडा पॅडखाली सापडला तर नवा ओरखडा उठतो.

आता पॉलिशची मशीन लावायची वेळ होती, पण मी ती लावली नाही. जुन्या एकथरी रंगासाठी आधी तेलाचा उपाय करतात. मेग्वायर्स ही १९०१पासूनची कंपनी, सुरुवातीला ती फर्निचरचं पॉलिश बनवायची. तिचं 'नंबर सेव्हन' हे तेलकट ग्लेझ या कामासाठी ओळखलं जातं. माईक फिलिप्स या अमेरिकी डिटेलिंग-प्रशिक्षकाने ही पद्धत कितीतरी लोकांना शिकवली. टर्किश टॉवेलच्या तुकड्याने ग्लेझ भरपूर चोळायचं आणि रात्रभर तसंच सोडायचं, कोरड्या केसांना झोपताना तेल चोपडतात तसं. सकाळी पुसलं तर टॉवेल लालेलाल झाले आणि बॉनेटवरचा पांढुरकेपणा बराच उतरला होता. मशीन न लावता, जवळजवळ काहीच न झिजवता खालचा गर्द लाल वर आला. दुकानदाराने संपला म्हटलेला रंग तो हाच. मी पुन्हा ग्लेझ चढवलं आणि आणखी एक रात्र जिरू दिलं.

मशीन त्यानंतर आली, ड्युअल अॅक्शन जातीची. तिचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी लहान वर्तुळातही हलतो. जास्त दाब दिला तर पॅडचं फिरणं मंदावतं, त्यामुळे रंग तापून जळण्याची भीती कमी. रोटरी मशीन वेगाने कापते, पण कडेवर क्षणभर जास्त टेकली तर सरळ प्रायमर दिसतो. सगळ्या कडांवर, विशेषतः वर उघडणाऱ्या हेडलाइटच्या झाकणांवर, मी टेप लावली. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो. मऊ फोमचा पॅड, बारीक पॉलिश, एका वेळी दोन फूट चौरस, हात अगदी संथ. पॅड दर वेळी लाल व्हायचा आणि ब्रशने साफ करावा लागायचा. ते काम मी अॅरिझोनाच्या हिवाळ्यात, सकाळी, सावलीत केलं. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर पॉलिश पसरायच्या आत वाळतं. मडगार्डसाठी वेगळा पॅड ठेवला, म्हणजे लाल रंग क्लिअर कोटवर फासला जाऊ नये.

काम किती झालं हे ट्यूबलाइटच्या उजेडात कळत नाही. एलईडी दिवा तिरका धरला की त्याच्याभोवती बारीक ओरखड्यांची गोल जाळी दिसते. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांचे असतात. उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळांचा भास होतो. दारांवरची जाळी जवळपास गेली. बॉनेटवर मात्र काही खोल ओरखडे आणि पक्ष्यांच्या विष्ठेने उठलेले दोन डाग उरले. आणखी घासलं असतं तर तेही गेले असते. मीटरवर ८०चा आकडा बघितला आणि मशीन बंद केली. शेजारचे पेंटर दिवा घेऊन बॉनेटवर वाकले, डाग बघितले आणि मान डोलावली.

वरून कार्नोबा मेण लावलं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं हे मेण उन्हात फार टिकत नाही, थोड्या थोड्या महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, पण ते लावण्याआधी रंगातलं तेल पूर्ण पुसून काढावं लागतं, आणि जे तेल या लाल रंगात जिरवायला एवढी मेहनत घेतली ते काढून टाकायला माझं मन तयार नाही. गाडी आता गॅरेजात झाकून असते. मामांना फोटो पाठवले, तर त्यांनी आधी कडांचे जवळून फोटो मागितले. प्रायमर कुठे दिसत नाही म्हटल्यावर म्हणाले, "झकास. आता दोन वर्षं मशीनला हात लावू नको."

तुमची गाडी स्पोर्ट्‌स कार असो की रोजची हॅचबॅक, सर्व्हिसिंगच्या वेळी कोणी रबिंग-पॉलिश फुकट करून देतो म्हणालं तर थांबवा. त्या फुकटातही दर वेळी थोडा थर जातोच. आधी जाडी मोजून दाखवायला सांगा, आकडे लिहून घ्या, आणि मोजायला मीटर नसेल तर नुसती धुऊन गाडी घरी आणा.