तांबी

तांबी आमच्या गोठ्यात जन्मली. तिची आई गावातली भटकी कुत्री. ऐन पावसात कडब्याच्या आडोशाला व्याली. पिल्लं बघून पोरं धावली, तेव्हा माझ्या आईनं त्यांना दारातच अडवलं. "आज कुणी हात लावायचा नाही. पोटात चीक जाऊ दे त्यांच्या."

तिसऱ्या दिवशी ती कुत्री गाडीखाली गेली. बाकीची पिल्लं शेजाऱ्यांनी नेली, तांबी आमच्याकडे राहिली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, "काकू, पिल्लं हलवू दिली नाहीत, हे फार बरं केलंत." पोटात असताना पिल्लाला आईकडून प्रतिपिंडं अगदी थोडी मिळतात; बहुतेक सगळी चिकातून येतात. आतड्यातून रक्तात जाण्याची त्यांची वाट साधारण २४ तासांत बंद होते. तांबीला ती शिदोरी मिळाली होती. पुढे आईनं रात्री उठून तिला पिल्लांची दूधपावडर कालवून पाजली, ओल्या कापसानं पुसून शी-शू करवली.

कुत्रीकडून मिळालेली प्रतिपिंडं ओसरेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत तिला पुन्हापुन्हा लस टोचून आणली.

गंगी गाय व्याली की तांबी गव्हाणीशेजारी ठाण मांडायची. गाईच्या गर्भातून वासराला प्रतिपिंडं मिळतच नाहीत, त्यामुळे पहिला चीक त्याचाच. ते पिऊन तृप्त झालं की उरलेल्याचा खरवस व्हायचा, आणि गूळ घालण्याआधी एक वाटी बिनगोडाचा चीक तांबीसाठी वेगळा वाफवला जायचा. तो तिचा सण. वाटी चाटून झाली की शेपटी हलवत ती थेट वासराकडे जायची, त्याचं तोंड चाटायची.

म्हातारपणी तिचं पोट वरचेवर बिघडू लागलं. डॉक्टरांनी औषधं दिली, सोबत जेवणात गाईच्या चिकाची पावडर. मोठ्या कुत्र्यात त्यातली प्रतिपिंडं रक्तात जात नाहीत, आतड्यातच काम करतात, असं त्यांनी समजावलं. असा चीक खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत डिस्टेंपरच्या लशीचा प्रतिसाद वाढल्याचंही एका अभ्यासात दिसलं आहे. तांबीचं पोट हळूहळू सावरलं. औषधाचा गुण किती आणि चिकाचा किती, हे सांगता यायचं नाही. चौदाव्या वर्षी ती गेली.

तिच्या वाटीत चीक नेहमी वासरानंतरच पडला. डब्यातली पावडर घेतानाही तोच क्रम पाळला जावा असं मला वाटतं. म्हाताऱ्या कुत्रीला चिकाचा थोडा आधार होतो; वासराचं जगणंच त्यावर अवलंबून असतं.