पुरावा आपला, किल्लीही आपली

आमचा थोरला टॅक्सी चालवतो. मागे एका धडकेत चूक समोरच्याची, पण पुरावा नाही म्हणून भरपाई आम्हीच भरली. मग पोटाला चिमटा घेऊन काचेवर कॅमेरा बसवला. परवा शनिवार पेठेत, शनिवारवाड्यासमोर, तो फोनवर चित्रण उतरवत होता. कॅमेऱ्याच्या वायफायचा पासवर्ड काय, तर १२३४५६७८! पुष्कळ कॅमेऱ्यांना कारखान्यातून हाच येतो. दिल्ली दरवाजाला हत्ती अडवायला लोखंडी सुळे, आणि आमचे दार सताड उघडे! जवळपासचा कुणीही चित्रण पाहील, पुसूनही टाकील. रात्री धाकटीने पुस्तिका वाचून नवा, लांब पासवर्ड घातला. आता काम झाले की वायफाय बंद. वाचकहो, तुम्हीही आजच बदला. कष्टाने मिळवलेल्या पुराव्याची किल्ली आपल्याच हाती हवी.