भाव आणि कुदळ

सोलापुरात वाढलेल्या माणसाच्या कानावर सिद्धरामेश्वरांची गोष्ट फार लवकर पडते. रानात गुरं राखणाऱ्या मुलाकडे एक जंगम येतो. नाव मल्लय्या, गाव श्रीशैल, असं सांगतो. मुलगा त्याला हुरडा देतो. हुरडा खाऊन झाल्यावर पाहुण्याला दहीभात हवासा वाटतो. मुलगा घरी पळत जातो, आईकडून दहीभात घेऊन येतो, तर पाहुणा नाहीच. मग ‘मल्लय्या, मल्लय्या’ अशा हाका मारत तो रानोमाळ फिरतो, यात्रेकरूंच्या मागोमाग थेट श्रीशैलला पोचतो. तिथेही मल्लय्या दिसेना, तेव्हा कड्यावरून उडी टाकायला निघतो आणि साक्षात मल्लिकार्जुन त्याचा हात धरतो.

देवाला फक्त भाव लागतो, हे पटवून द्यायला गोष्ट इथवर पुरते. पाहुण्याच्या तोंडी दहीभाताचा घास गेला नाही, तरी तो देवाला पावला. कीर्तनात इथे टाळ्या पडतात. मला मात्र पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. मल्लिकार्जुन त्या मुलाला आपल्यापाशी ठेवून घेत नाही. तुझ्या सोन्नलगीला परत जा आणि तिथेच श्रीशैल उभं कर, असं सांगून माघारी पाठवतो. एवढा भाव घेऊन आलेल्या लेकराला देवाने काम दिलं.

सोन्नलगी म्हणजे आजचं सोलापूर. 12 व्या शतकात सिद्धरामांनी इथे 68 लिंगं स्थापली आणि माणसं जमवून तळं खोदलं. ज्या मुलखात वर्षाला जेमतेम पाच-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मनाला येईल तेव्हा, तिथे तळं खोदणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला चटकन कळायचं नाही. वैशाखात इथली जमीन हाताएवढ्या भेगांनी उकलते. त्या जमिनीत कुदळ चालवायची, पाटीपाटीने माती उपसायची, काठाला दगड लावायचे आणि मग पावसाची वाट बघायची. शेकडो वर्षं लोटली, आजही सिद्धेश्वराचं देऊळ त्या तळ्यातच उभं आहे.

पण हे काम चालू असतानाच सिद्धरामांना गाठून एका माणसाने खडे बोल सुनावले. ते शिवशरण अल्लमप्रभू. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात हा प्रसंग आहे. अल्लम सोन्नलगीत येतात आणि माती खणणाऱ्यांचा तो पुढारी कुठे आहे, असं तुच्छतेने विचारतात. गुरूचा अपमान झाला म्हणून शिष्य त्यांच्यावर दगड फेकतात. पुढे दोघांचा संवाद होतो. अल्लमांचं म्हणणं असं, की तळी आणि देवळं बांधून मोक्ष मिळत नाही. हे मी केलं, हा ‘मी’ जोवर आत बसलेला आहे, तोवर केलेलं सगळं बाहेरच राहतं. सिद्धरामांनी ते ऐकलं, मानलं, अल्लमांबरोबर बसवण्णांच्या कल्याणला गेले आणि चेन्नबसवण्णांकडून इष्टलिंगाची दीक्षा घेतली.

हा प्रसंग सांगून ‘बघा, शेवटी भावच मोठा’ असं म्हणणारे मला अनेक भेटले. मला ते पटत नाही. अल्लमांनी तळं बुजवायला सांगितलं नाही. आणि ज्या कल्याणला ते सिद्धरामांना घेऊन गेले, तिथे तर बसवण्णांच्या भोवती जमलेली माणसं घामाची होती. चामडं कमावणारा, दोर वळणारा, नाव हाकणारा, आपापलं कायक, म्हणजे कष्टाचं काम, करून सांजेला शरणांच्या अनुभवमंटप या सभेत बसणारा. काम सोडून तिथे कुणाला मोक्ष मिळत नव्हता. अल्लमांनी झाडला तो कर्तेपणाचा अभिमान. आपण त्यातून काम तेवढं झाडून टाकलं आणि अभिमान ठेवून घेतला. ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’, ‘इच्छा फार होती हो’, हे म्हणताना जे समाधान वाटतं, ते त्या अभिमानाचंच दुसरं रूप आहे असं मला वाटतं.

मग नुसत्या भावाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि पुरेपूर आहे. अंथरुणाला खिळलेली म्हातारी आषाढीला मनातल्या मनात वाखरीचं रिंगण बघते, तिची वारी कमी, असं म्हणायची माझी हिंमत नाही. आपल्याच जिल्ह्यातले मंगळवेढ्याचे संत चोखोबा घ्या. विठ्ठलावर त्यांच्याइतका जीव कुणी लावला? पण अस्पृश्य म्हणून पंढरपूरच्या देवळाची पायरी चढायची त्यांना बंदी होती. मंगळवेढ्यात भिंत कोसळून ते गेले, आणि समाधी झाली ती महाद्वारासमोर, बाहेरच. त्यांच्या दर्शनाच्या इच्छेला कृती जोडता आली नाही, कारण वाट दुसऱ्यांनी अडवली होती. तिथे भाव हाच पूर्ण धर्म. देव त्यापलीकडे काय मागणार?

त्याच मंगळवेढ्यात पुढे दामाजीपंत झाले. बहामनी राज्यातले अधिकारी. दुष्काळात माणसं दारात मरायला लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं उघडून धान्य वाटलं. विठ्ठल महाराचं रूप घेऊन बिदरला गेला आणि धान्याचा पैसा भरून आला, ही पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मला कथेतल्या देवाआधीचा दामाजी महत्त्वाचा वाटतो. चोखोबांच्या हाती किल्ली नव्हती, दामाजीपंतांच्या हाती होती. किल्ली कमरेला ठेवून त्यांनी नुसती हळहळ केली असती, तर विठ्ठलाला बिदरला जायचं कारणच नव्हतं.

आणि पंढरपूर? चंद्रभागेच्या वाळवंटात जात न विचारता एकमेकांच्या पाया पडणारी माणसं शतकानुशतकं तिथे येत होती. त्यांचा भाव खोटा होता असं मी म्हणणार नाही. तरी चोखोबांच्या लोकांना सहाशे वर्षं दार बंद राहिलं. साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर हिंडले, मंदिरं आणि पाणवठे खुले करा म्हणून गावोगाव हात जोडले, आणि 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषणाला बसले. तेव्हा कुठे मंदिर उघडायची कबुली मिळाली. सहाशे वर्षांच्या सद्भावनेला जे जमलं नाही, ते एका माणसाने पोट रिकामं ठेवून दहा दिवसांत करून घेतलं. हा हिशेब मला अस्वस्थ करतो, आणि त्याने तसं करावंच.

कृती एवढी मोठीच असायला हवी असं नाही. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात एक मावशी आहेत. विड्या वळतात. सकाळी पानं भिजवायची, कापायची, दिवसभर मांडीवर सूप घेऊन वळत बसायचं, संध्याकाळी माल कारखान्यात द्यायचा. त्यांच्या बोळाच्या तोंडाशी दर उन्हाळ्यात पाणपोई लागते. उद्घाटनाला फुलांच्या माळा असतात, फोटो निघतात, पेपरात चार ओळी येतात. थोड्याच दिवसांत रांजणाचा तळ दिसायला लागतो. मग मावशी तो भरतात. शहरात नळाला रोज पाणी नाही; घरातल्या पिंपात साठवलेल्या पाण्यातूनच त्या दोन-तीन घागरी काढतात. रांजणाभोवती गुंडाळलेलं गोणपाट ओलं करतात, साखळीचा पेला विसळून ठेवतात आणि सूप मांडीवर घेऊन पुन्हा पानं कापायला बसतात. पुण्याबद्दल त्यांना विचारलं तेव्हा म्हणाल्या, “पुण्य नि काय बाबा, ऊन किती आहे बघ की.” अल्लमप्रभू आज सोलापुरात आले, तर या बाईत त्यांना झाडण्यासारखा ‘मी’ सापडायचा नाही.

पूजेला बसल्यावर संकल्पाचं पाणी ताम्हनात सोडलं की पूजा झाली, असं कुणी मानत नाही. गुरुजी पाटावरून उठू देत नाहीत. आयुष्यात मात्र आपण संकल्पालाच पूजा समजून उठतो, आणि देवाने ती मांडून घेतली असेल असं धरून चालतो. ज्याचे हात खरोखर बांधलेले आहेत, त्याच्यासाठी देव ती मांडून घेत असेलही. आपल्यातल्या बहुतेकांचे हात मोकळे आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात तुमच्या पेठेत पाणपोई लागेल. उद्घाटनाला नाही गेलात तरी चालेल. पंधरा दिवसांनी जा, रांजणाचं झाकण उचलून बघा, आणि पाणी नसेल तर भरा.