बांधीचं भाडं

लांजीच्या माणसाला मराठी नाटकाची गोडी कुठून लागली, असं पुण्यात मला पुष्कळांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. लांजी मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात. शाळा हिंदी, दुकानांच्या पाट्या हिंदी, तहसीलातले अर्ज हिंदी. १९५६ साली राज्यांची नवी आखणी झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं. पण सोयरिकी काही सरकारी आदेशानं हलत नाहीत. आमच्या मावश्या, आत्या, मामा सगळे सीमेपलीकडे महाराष्ट्रात, आमगाव-सालेकसाकडेच. दिवाळी आटोपली की भाऊबीजेपासून तिकडच्या गावांत मंडया, म्हणजे जत्रा, भरायच्या आणि आमचं अख्खं घर बसनं मावशीकडे जायचं. मंडईत दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ आणि रात्री नाटक.

नाटक म्हणजे झाडीपट्टीचं, पूर्व विदर्भातल्या या धानपट्ट्याचं, नाटक. गडचिरोलीतल्या वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. गावचं मंडळ तिथं जाऊन, इसार देऊन नाटक ठरवून येतं. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. मंचापुढे खाली ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक बसलेले, आणि प्रवेश कितीही करुण असला तरी मध्ये गाणं-नाच येणारच. शहरातले समीक्षक पूर्वी याला नाकं मुरडायचे. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि नाकं बरीच सरळ झाली.

मला मात्र इथं नटांबद्दल लिहायचं नाही. नटांचं कौतुक होतच असतं. मला लिहायचं आहे ते ज्याच्या शेतात नाटक व्हायचं त्याच्याबद्दल.

मावशीच्या गावात नाटकासाठी ठरलेली जागा म्हणजे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची गावालगतची बांधी. धान कापून, भारे खळ्यावर गेले की ती रिकामी व्हायची. मंडळाची पोरं बांबू रोवायची, चारी बाजूंनी कापड लावायची, बसायला तणस पसरायची. शेकडो माणसांना आत-बाहेर करता यावं म्हणून एका बाजूचा धुरा फोडावा लागे. धुरा फोडणं ही साधी गोष्ट नाही. पावसाळ्यात त्या बांधीतलं पाणी त्याच मातीवर थांबायचं असतं. उन्हाळ्यात तो म्हातारा स्वतः कुदळ घेऊन धुरा पुन्हा बांधायचा. मंडळाकडून त्यानं कधी भाडं घेतलं नाही. तिकिटाच्या पहिल्या रांगेतली खुर्चीही मागितली नाही. मागं धुऱ्यावर घोंगडं पांघरून बसायचा आणि दुसऱ्या अंकात झोपायचा.

त्याची अट एकच होती. नाटक सुटलं की खिळे वेचून द्यायचे. पहाटे मंच उकलताना लाकडातले खिळे धसकटांत उडायचे. सगळ्या पोरांना त्यानं कामाला लावलेलं असायचं. मी एकदा कुरकुर केली, हात गारठलेत म्हणून. तो म्हणाला, "माह्या बैलाच्या पायात खिरा रुतला तं नांगर कोन धरल, तू का?" मग मी निमूट वाकलो. धसकटांची टोकं बोटांना लागत होती, दवानं माती भिजलेली होती. वेचलेले खिळे तो दगडावर ठोकून सरळ करायचा आणि डब्यात भरून मंडळाला परत द्यायचा, पुढच्या वर्षासाठी.

पुढं गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून मी पुण्याला गेलो, विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक शिकायला. १९८७ साली सुरू झालेलं हे केंद्र. नृत्य, संगीत आणि नाटक तिन्ही तिथं गुरुकुल पद्धतीनं शिकवत. 'महानिर्वाण'चे लेखक सतीश आळेकर १९९६पासून तिथं प्रमुख होते, आणि मी त्यांच्याच काळातला विद्यार्थी. तिथला अंगणमंच मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला परकं वाटलं नाही. वर आभाळ, समोर माणसं. तणस तेवढं नव्हतं. प्रयोग संपल्यावर सेट उतरवला की मी सवयीनं खाली वाकून खिळे शोधायचो. सोबतचे हसायचे. नंतर तेही वाकू लागले, कारण सकाळी त्याच जागेवर नृत्याच्या मुली अनवाणी यायच्या.

जागेला पैसे पडतात हे मला पुण्यानं शिकवलं. तालमीची खोली तासावर, नाट्यगृह सत्रावर. १९६८ साली उघडलेलं बालगंधर्व असो की सदाशिव पेठेतलं भरत, तारीख मिळवणं हीच अर्धी निर्मिती. नाटक लिहून होतं, बसवून होतं, पण तारखेसाठी अडून राहतं. मराठीतल्या प्रायोगिक नाटकाचा इतिहास सांगताना आपण लेखक-दिग्दर्शकांची नावं घेतो. माझ्या मते त्याआधी दादरच्या छबिलदास शाळेचं नाव घ्यायला हवं. १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेची चळवळ त्या शाळेच्या हॉलमध्ये चालली. 'आविष्कार'च्या सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या. दिवसा मुलांचे वर्ग, संध्याकाळी नाटक. पुढं तो हॉल गेला आणि 'आविष्कार'ला माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलवावं लागलं. शाळेनं तेवढी वर्षं दार उघडं ठेवलं नसतं, तर कितीतरी नाटकं वहीतच राहिली असती.

आता मी विदर्भातल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि तिथल्या सभागृहाच्या तारखांची वही माझ्याकडे असते. मोठं सभागृह, मागं तालमीची खोली, बाहेर हिरवळ. हिरवळीवर साक्षगंध, सभागृहात कोचिंग क्लासचे सत्कार, बँकेची वार्षिक सभा. पैसा या लोकांकडूनच येतो आणि वीजबिल त्यातूनच भरलं जातं, त्यामुळे मी त्यांना नावं ठेवत नाही. पण समितीच्या बैठकीत दरवर्षी तोच प्रश्न येतो: नाटकवाल्यांना अर्ध्या दरात कशाला? मी तेव्हा उसनं अवसान आणून भांडतो. मंडईच्या दिवसांतले शनिवार-रविवार मी साक्षगंधाला देत नाही. मुलीकडचे लोक चिडतात, माझ्यापर्यंत वशिले येतात. तालमीची खोली विद्यार्थ्यांना फुकट. एसी लावायचा नाही, पंखा आणि ट्यूबलाइट चालेल, आणि जाताना झाडून जायचं. अनामत रक्कम मात्र मी कुणालाही सोडत नाही. म्हाताऱ्याकडून मी नुसती दानत शिकलो नाही, अटही शिकलो.

त्याचं देणं त्याला चुकवायची सोय राहिली नाही. तो गेला, बांधीवर आता घरं झाली, मंडई गावाबाहेर सरकली.

गेल्या हिवाळ्यात लांजीकडची एक दंडारीची मंडळी आली. प्रयोग करायचा म्हणाले. मी मोठ्या हौसेनं सभागृह उघडलं, दिवे लावून दाखवले, ध्वनियंत्रणा दाखवली. त्यांच्यातल्या ढोलकीवाल्यानं जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, हे सारं चांगलंच आहे, पन मानसं उभी कोठी राहतीन?" दंडारीला भोवती माणसं लागतात, एका अंगाला बसलेली नव्हेत. शेवटी त्यांना गाड्या लावायची जागा दिली. शिपायांनी दुचाक्या हलवल्या, स्वयंपाकघरातून एक लांब वायर ओढली, दोन हॅलोजन टांगले. गर्दी रस्त्यापर्यंत गेली आणि एका साक्षगंधाला आलेले पाहुणे जेवणाची ताटं हातात घेऊनच तिकडे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी लेखापाल वही घेऊन माझ्यापुढं बसले. गाड्यांच्या जागेचा दर आमच्या दरपत्रकात नाही. "कुठल्या सदरात दाखवू, सर?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "किरकोळमध्ये टाका. आणि अनामत परत करा, जागा झाडून गेलेत."