घरून गेलेले पत्र

उर्दूत पत्राला खत म्हणतात, मराठीत खत शेतात घालतात. उर्दू माध्यमाच्या आमच्या वर्गात मुले या शब्दावर हमखास हसतात. आयर्लंडचा इतिहास वाचताना आम्हाला मात्र हे दोन्ही अर्थ एकाच लिफाफ्यात दिसले.

1845 मध्ये तिथे बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, निदान तितकीच देश सोडून गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी अमेरिका गाठली. मग तिकडून पत्रे येऊ लागली. पत्रात पैसे असत, कधी धाकट्या बहिणीसाठी जहाजाचे तिकीट. त्या पैशांतून जमिनीचा खंड भरला जाई. ज्यांना वाचता येत नसे ते पत्र घेऊन मास्तरांकडे किंवा पाद्र्याकडे जात. आखातातून आलेली पत्रे कोकणातल्या मोहल्ल्यांत कशी वाचली जात, हे ज्यांना आठवते त्यांना अधिक सांगायला नको.

अमेरिकेतही सुख नव्हते. 1844 मध्ये फिलाडेल्फियात कॅथलिक आयरिशांविरुद्ध दंगली उसळल्या. वादाचे एक मूळ शाळेत होते : सरकारी शाळांत प्रॉटेस्टंटांचे बायबल वाचले जाई, कॅथलिकांना आपल्या मुलांसाठी आपले बायबल हवे होते. दोन कॅथलिक चर्च जाळली गेली. 1850 च्या दशकात तर त्यांच्याविरुद्ध 'नो-नथिंग' नावाचा पक्षच उभा राहिला. यांची निष्ठा देशाशी नाही, रोमच्या पोपशी आहे, हा आरोप ठरलेला. हे वाचताना आमचे मन आपसूक आयरिशांच्या बाजूला जाऊन बसले.

पण पुढे 1863 आहे. यादवी युद्धात सक्तीची सैन्यभरती आली आणि 300 डॉलर भरणाऱ्याला सूट मिळाली. गरीब चिडले, यात नवल नाही. जुलैमध्ये न्यूयॉर्क चार दिवस पेटले आणि तो राग काळ्या लोकांवर निघाला. दंगेखोरांत आयरिश मोठ्या संख्येने होते. दंगल मोडणाऱ्या पोलिसांतही आयरिश होते, हेही खरे. काळ्या माणसांना भररस्त्यात फासावर लटकावले गेले. काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला गेला. आतली दोनशेहून अधिक मुले कशीबशी वाचली.

त्यांना कुणी समजावले नव्हते का? समजावले होते, आणि तेही घरून. 1841 मध्ये आयर्लंडमधून एक आवाहन निघाले : अमेरिकेतल्या बांधवांनो, गुलामगिरीविरुद्ध उभे राहा, काळ्या माणसाला बरोबरीचा माना. त्यावर डॅनियल ओकॉनेल, फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांच्यासह सुमारे 60 हजार लोकांच्या सह्या होत्या. चार्ल्स लेनॉक्स रेमंड या काळ्या कार्यकर्त्याने ते बोस्टनला नेले. अमेरिकेतल्या बहुतेक आयरिशांनी ते झिडकारले. मजुरी जाईल ही धास्ती होती. शिवाय सगळ्यांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याला आपल्याखाली कुणीतरी असलेले बरे वाटते. कारण समजते, पण त्याने गुन्हा माफ होत नाही.

जुलूम सोसला म्हणून माणूस आपोआप नेक होत नाही, हे आम्ही या इतिहासातून शिकलो. आपल्या दुःखाची पत्रे आपण मोठ्याने वाचतो, आणि वाचावीतच. पण आपल्याच माणसांनी आपल्याला लिहिलेले बोचरे पत्रही तितक्याच मोठ्याने वाचायला हवे. आमच्या वर्गात तरी आम्ही ते वाचणार आहोत.