दीडपट

सल्ला मागणे आणि सल्ला मानणे ही दोन वेगळी खाती आहेत, हे आम्हा कारकुनांना वेगळे सांगायला नको. एकातली रक्कम दुसऱ्यात आपोआप वळती होत नाही.

२००४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय शेतकरी आयोग नेमला. अध्यक्ष डॉ. एम. एस. स्वामिनाथन. सल्ल्यासाठी याहून मोठा शास्त्रज्ञ कंदील घेऊन शोधला असता तरी मिळाला नसता. २००६ पर्यंत आयोगाने पाच अहवाल दिले. त्यात जमीन, पाणी, कर्ज, विमा सगळे होते. पण ते सगळे वाचले असेल तर मुद्रितशोधकाने. आमच्या यवतमाळच्या कापूसवाल्याला पाठ आहे ते एकच वाक्य: हमीभाव सरासरी उत्पादनखर्चाहून निदान पन्नास टक्के जास्त असावा.

२००७ च्या राष्ट्रीय धोरणात नेमके तेवढे वाक्य गाळले गेले. २०१५ साली सुप्रीम कोर्टात सांगण्यात आले की, असे केल्याने बाजार बिघडेल. आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट जाहीर! तीन वर्षांत बाजाराची प्रकृती एवढी सुधारली कशी, म्हणून आम्ही (बी.कॉम., सेकंड क्लास) आकडेमोडीला बसलो.

मध्यम धाग्याच्या कापसाचा क्विंटलमागे खर्च धरला ३,४३३ रुपये. त्याची दीडपट ५,१४९ रुपये पन्नास पैसे. भाव दिला ५,१५०. म्हणजे आठ आणे वरून! हिशेब चोख. गोम होती ती ‘खर्च’ या शब्दात. सरकारने धरला बी-खत-मजुरीचा रोख खर्च आणि घरच्यांची मेहनत. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले नाही. संघटना म्हणतात, तेही धरा. त्या वाक्यात दोन शब्द जास्त असते तर केवढा कागद वाचला असता!

राळेगावकडचे एक काका पीककर्जाच्या नूतनीकरणाला आले होते. त्यांना हे समजावले.

“म्हंजे सोताच्या वावराचं भाडं म्या सोतालेच द्याचं?”

“कागदोपत्री, काका.”

“अन् सरकार ते धरत नाई?”

“नाही.”

काका सातबारा चाळत राहिले. मग म्हणाले, “मंग सायेब, तुमच्या कर्जाचा बोजा याच वावरावर चढवता, तवा त्याची किंमत बराबर धरता ना?”

लंच टाइमची पाटी लावायला अजून वीस मिनिटे होती.